त्याला दुखले का? : पाळीव प्राण्यांच्या दयामरणामागचे शरीरविज्ञान

समजा, तुमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. तुमच्या जन्माच्या वर्षभर आधी तो घरात आला. म्हणजे आज तुम्ही नववीत आहात आणि तो पंधरा वर्षांचा आहे. गेले दोन महिने तो नीट जेवत नाही. भाकरी पुढे ठेवली की हुंगतो आणि तोंड फिरवतो. अंगावरची हाडे मोजता येतात. एके दिवशी वडील त्याला रिक्षात घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेतात आणि संध्याकाळी एकटेच परत येतात. हातात नुसता पट्टा असतो. धाकट्या बहिणीला सांगतात, “मोती गावाला गेला.” तुम्हाला खरे काय ते कळलेले असते. पण एक प्रश्न घशाशी येऊन अडतो, आणि तो मोठ्यांना विचारवत नाही : त्याला दुखले का?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते शरीरविज्ञानात आहे. पशुवैद्यक व त्यांचे मदतनीस त्या खोलीत जे जे करतात, त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट या एका प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे यावे म्हणून केलेली असते. ती कशी, हे आपण पाहू या. ‘दयामरण’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. इंग्रजीत त्याला ‘यूथनेशिया’ म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ ‘चांगला मृत्यू’ एवढाच आहे. आपल्याकडे दवाखान्यात लोक ‘झोपेचे इंजेक्शन’ म्हणतात. तो शब्द थोडा फसवा आहे. का, ते पुढे येईलच.

वेदना कोठे असते?

तापलेल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं!’ नंतर बाहेर पडते. हे तुम्ही अनुभवले असेल. बोटातील चेतातंतूंची टोके इजेची खबर घेऊन मेरुरज्जूकडे धावतात. मेरुरज्जू मेंदूला न विचारताच हात मागे घेण्याचा हुकूम सोडतो. तीच खबर पुढे मोठ्या मेंदूपर्यंत पोचते, तेव्हा कोठे आपल्याला ‘दुखले’ असे वाटते. म्हणजे शरीराची हालचाल ही एक गोष्ट आणि वेदनेची जाणीव ही दुसरी. जाणीव व्हायला मोठा मेंदू जागा असावा लागतो. ॲपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत पोट कापले जाते, चेतातंतू खबरा पाठवीतच असतात. पण भुलेमुळे मेंदू त्या घेण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून रोग्याला काही कळत नाही. कुत्रा, मांजर, गाय, घोडा हे सारे आपल्यासारखेच सस्तन प्राणी आहेत. त्यांच्या मेंदूची रचना तपशिलात वेगळी असली तरी ही व्यवस्था तीच आहे.

यावरून दयामरणाचा पहिला नियम निघतो. प्राण्याचे शरीर बंद पडण्याच्या क्रमात सर्वांत आधी जाणीव गेली पाहिजे. श्वास व हृदय त्यानंतर. हा क्रम उलटला, तर बाहेरून मृत्यू कितीही शांत दिसो, आतून तो भयंकर असतो.

उलट्या क्रमाचे उदाहरण आपल्या कोकणातल्या रानात उभे आहे. काजरा किंवा कुचला नावाचे झाड तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्याच्या बटणासारख्या चपट्या बियांत स्ट्रिक्नीन हे विष असते. मेरुरज्जूत स्नायूंना आवर घालणारा एक रासायनिक निरोप्या असतो, त्याचे नाव ग्लायसीन. स्ट्रिक्नीन नेमकी त्याची वाट अडवते. लगाम तुटतो. साधा आवाज झाला किंवा कोणी स्पर्श केला, तरी सारे स्नायू एकदम आवळले जातात, शरीर धनुष्यासारखे ताणले जाते आणि अखेर श्वासाचे स्नायूही आवळून प्राणी गुदमरतो. या सगळ्या काळात मेंदू जागाच असतो. एके काळी भटकी कुत्री मारायला हे विष सर्रास वापरीत. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात स्ट्रिक्नीन टोचून प्राणी मारणे ही क्रूरता म्हणून नाव घेऊन नोंदलेली आहे.

दुसरे उदाहरण अधिक फसवे. स्नायू लुळे पाडणारी काही औषधे शस्त्रक्रियेत भुलेबरोबर देतात. ती एकटी दिली तर प्राणी निपचित पडतो. पाय हलवीत नाही, ओरडत नाही. पाहणाऱ्याला वाटते, किती शांत! प्रत्यक्षात त्याचे श्वासाचे स्नायू लुळे झालेले असतात आणि तो पूर्ण शुद्धीवर राहून गुदमरत असतो. म्हणून नुसत्या अशा औषधाने प्राण्याला मारणे पशुवैद्यकशास्त्रात निषिद्ध आहे. शांत दिसणे आणि शांत असणे यांतला फरक ओळखणे हे या विषयातले निम्मे ज्ञान आहे, असे मी म्हणेन.

बेयरचे आम्ल आणि फिशरची झोप

मग योग्य क्रमाने काम करणारे औषध कोणते? त्याची कथा १८६४ मध्ये सुरू होते. त्या वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बेयर यांनी बार्बिट्युरिक आम्ल तयार केले. त्या आम्लाला स्वतःचा औषधी गुण काहीच नव्हता. जवळजवळ चाळीस वर्षांनी एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी त्यापासून बार्बिटल हा पदार्थ बनवला आणि १९०३ मध्ये जाहीर केला. त्याने झोप येते हे त्यांना प्रथम दिसले ते कुत्र्यांवरच. पुढे या कुळातील अनेक औषधे निघाली. थायोपेंटल हे त्यांपैकीच. १९३४ पासून माणसांना भूल देण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. पेंटोबार्बिटल हे त्याचे भावंड, आणि जगभर प्राण्यांच्या दयामरणासाठी पहिली पसंती त्यालाच आहे.

ही औषधे काय करतात? मेंदूत चेतापेशींना शांत करणारा ‘गाबा’ नावाचा निरोप्या असतो. तो पेशीच्या दारावर येऊन बसला की दार उघडते, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात आणि पेशी उत्तेजित होणे अवघड होते. बार्बिट्युरेट गटातली औषधे हे दार नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवतात. मोठ्या मेंदूतील पेशी गप्प होतात आणि जाणीव मावळते. औषध आणखी वाढले की लंबमज्जेतील श्वासाचे केंद्र थांबते. हृदय सर्वांत शेवटी थांबते, कारण त्याला ठोक्यासाठी मेंदूच्या हुकुमाची गरज नसते. त्याची लय त्याच्या स्वतःच्याच पेशींत असते. पाहा, आपल्याला हवा होता तोच क्रम!

शस्त्रक्रियेतली भूल आणि हे औषध यांचा रस्ता सुरुवातीला एकच आहे. शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ पहिल्या टप्प्यावर थांबतो आणि रोग्याचा श्वास सांभाळतो. येथे थांबत नाहीत. म्हणून ज्यांना शस्त्रक्रियेचा अनुभव आहे, त्यांनी मोतीला काय वाटले असेल याची कल्पना करावी : “एक, दोन, तीन मोजा” असे डॉक्टर म्हणाले, तीनपर्यंत मोजले, आणि पुढचे आठवत नाही.

अनेक दवाखान्यांत दोन पायऱ्यांनी काम करतात. आधी थायोपेंटलसारख्या औषधाने गाढ भूल, आणि प्राणी पूर्ण बेशुद्ध झाल्याची खात्री झाल्यावर हृदय थांबवणारे दुसरे द्रावण, उदाहरणार्थ पोटॅशियमचा क्षार. हाच क्षार जाग्या प्राण्याला देणे म्हणजे क्रौर्य; गाढ भुलेत दिला तर त्याला काहीच कळत नाही. म्हणजे चांगले-वाईट औषधाच्या बाटलीत नसून क्रमात आहे.

दवाखान्यातील अर्धा तास

आता प्रत्यक्ष खोलीत जाऊ. भारतात हे काम नोंदणी झालेल्या पशुवैद्यकानेच करायचे असते. पण त्यांच्याबरोबर आणखी हात लागतात. सरकारी दवाखान्यात परिचर असतो, व्रणोपचारक असतो. खाजगी दवाखान्यात मदतनीस आणि नोंदी ठेवणारी व्यक्ती. प्रत्येकाचे काम आधी ठरलेले असते, कारण त्या वेळी “कात्री कुठे आहे?” अशी धावपळ झालेली प्राण्यालाही कळते आणि माणसालाही.

शक्य तेथे अशा प्राण्याला गर्दीची वेळ संपल्यावर बोलावतात. भुंकणाऱ्या दहा कुत्र्यांच्या रांगेत त्याला बसवीत नाहीत. संमतिपत्रावर सही आणि पैशांचा व्यवहार आधीच उरकून घेतात, म्हणजे नंतर डोळे पुसत खिशात हात घालायची वेळ कोणावर येत नाही. सही मालकाची आणि सज्ञान व्यक्तीचीच चालते. सही घेताना एक प्रश्न आवर्जून विचारतात : “गेल्या दहा दिवसांत हा कोणाला चावला आहे का?” हा प्रश्न निर्दय वाटेल, पण चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवून रेबीज आहे की नाही हे ठरवतात. प्राणी त्याआधीच गेला तर मेंदूचा नमुना तपासावा लागतो. चावलेल्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो.

खोलीत शक्यतो दुसरा प्राणी नसतो. भटक्या कुत्र्यांसाठी २००१ मध्ये भारत सरकारने जे नियम केले (त्यांची जागा आता २०२३ च्या नियमांनी घेतली आहे), त्यांतही एका कुत्र्याच्या देखत दुसऱ्याला दयामरण देऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते. भ्यालेल्या प्राण्याचा वास आणि आवाज दुसऱ्या प्राण्याला लगेच कळतो. भीती ही वेदना नसली तरी तीही एक यातनाच आहे, आणि क्रमाचा नियम तिलाही लागू आहे : जाणीव जाण्याआधी भीती वाटता कामा नये. म्हणून थंडगार, घसरत्या पत्र्याच्या टेबलावर चढवण्याऐवजी पुष्कळदा जमिनीवरच घरची गोधडी अंथरतात. गोधडीखाली ओल शोषणारे कापड असते. मोतीला ज्या हातांची सवय आहे ते हात त्याच्या डोक्यावर असावेत, म्हणून डॉक्टर सांगतात, “तुम्ही त्याच्या डोक्याशी बसा. नाव घेऊन हाक मारत राहा.” ज्यांना बसवत नाही त्यांना कोणी आग्रह करीत नाही. बाहेर थांबणे हा भित्रेपणा नव्हे. परिचर तेच काम तितक्याच मायेने करतो.

प्राणी घाबरलेला किंवा दुखण्याने चिडलेला असेल तर आधी गुंगीचे इंजेक्शन स्नायूत किंवा कातडीखाली देतात. पाच ते पंधरा मिनिटांत डोके जड होऊन तो आडवा होतो. यांतील काही औषधांनी उलटी होते. ते डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. तोंडाला पट्टी बांधावी लागली तर गुंगी येताच ती सोडतात.

मग पुढच्या पायावरचे थोडे केस कापतात. कोपरापासून पंजाकडे येणारी तेथली शीर हाताला सहज लागते. परिचर कोपराजवळ अंगठ्याने दाब देतो, त्यामुळे रक्त अडून शीर फुगते आणि डॉक्टर तीत सलाइनला लावतात तशी बारीक नळी बसवून चिकटपट्टीने पक्की करतात. नुसती सुई टोचून का भागवीत नाहीत? कारण रसायनशास्त्राचे आहे. बार्बिट्युरेटचे द्रावण तीव्र अल्कली गुणधर्माचे असते. शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूच्या मांसात आग होते. पाय जरा हलला तरी सुई निसटू शकते. नळी निसटत नाही. नळी बसल्यावर प्रथम थोडे मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून पाहतात. ते सुरळीत गेले, कोठे फुगवटा आला नाही, तरच पुढे जातात. म्हाताऱ्या, रक्तदाब उतरलेल्या प्राण्याची शीर कधी कधी सापडतच नाही. अशा वेळी चांगला डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचत बसत नाही. तो मागच्या पायाची शीर पाहतो, प्राण्याला अधिक गुंगी देतो, वाट पाहतो. सर्वांत अवघड असते ते हे वाट पाहणे.

“आता देतो,” एवढे सांगून डॉक्टर औषध सोडतात. पायाच्या शिरेतून ते हृदयाच्या उजव्या बाजूला, तेथून फुप्फुसात, परत हृदयाच्या डाव्या बाजूला आणि मग मेंदूत पोचते. कुत्र्यात या प्रवासाला सुमारे दहा-पंधरा सेकंद लागतात. हृदय दुबळे असेल तर थोडे जास्त. एक खोल श्वास, मान हातावर टेकते. मोतीपुरते बोलायचे तर गोष्ट येथे संपली. पुढचे श्वास थांबणे, हृदय थांबणे हे त्याला कळत नाही.

डोळे उघडे का राहिले?

येथून पुढे पाहणाऱ्याची परीक्षा असते. कधी श्वास थांबल्यावर मिनिटभराने छाती एकदम हलते, जणू प्राण्याने उसासा टाकला. कधी खांद्याचा एखादा स्नायू थरथरतो. मूत्र किंवा शेण बाहेर येते. डोळे उघडेच राहतात. ज्याला कोणी आधी सांगितले नाही तो दचकतो : अजून जिवंत आहे की काय? त्याला कळते आहे की काय?

तव्यावरच्या बोटाची गोष्ट येथे आठवा. हालचाल आणि जाणीव वेगळ्या. उसाशासारखा झटका ही मेंदूच्या खालच्या भागातील उरल्यासुरल्या पेशींची प्रतिक्षिप्त क्रिया असते. मोठा मेंदू त्याआधीच बंद झालेला असतो. स्नायूंतील पेशींत थोडी ऊर्जा शिल्लक असते, तीमुळे थरथर होते. मूत्राशयाचे तोंड आवळून धरणारे स्नायू सैल पडतात, म्हणून मूत्र बाहेर येते; गोधडीखालचे कापड त्यासाठीच होते. आणि पापण्या मिटायलाही स्नायूंना काम करावे लागते. सिनेमात मेलेल्या माणसाचे डोळे आपोआप मिटतात, ते सिनेमातच.

हे सगळे औषध देण्यापूर्वी घरच्यांना सांगणे हा कामाचाच भाग आहे. अनुभवी परिचर ते दोन वाक्यांत सांगतो. न सांगितल्यामुळे वर्षानुवर्षे मनात शंका बाळगलेली माणसे मी पाहिली आहेत.

मृत्यूची खात्री केल्याशिवाय डॉक्टर उठत नाहीत. स्टेथॉस्कोप छातीवर ठेवून नुसता एक क्षण नव्हे, तर काही मिनिटे ऐकतात. श्वास नाही, नाडी नाही, बाहुली विस्फारलेली, डोळ्याच्या पारदर्शक पटलाला हलका स्पर्श केला तरी पापणी हलत नाही, हे सारे एकत्र पाहतात. एकट्या लक्षणावर विश्वास ठेवीत नाहीत. मगच “गेला तो,” असे साध्या शब्दांत सांगतात.

साध्या शब्दांचे महत्त्व तुमच्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत अधिक आहे. ‘झोपवला’ म्हटले की लहान मूल रात्री झोपायला घाबरते, किंवा उद्या स्वतःच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत भुलेच्या नावाने किंचाळते. ‘गावाला गेला’ म्हटले की ते दारात वाट पाहते. “मोती फार आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी औषध दिले आणि तो दुखल्याशिवाय मेला,” एवढे चार वर्षांच्या मुलालाही समजते.

वेळ झाली हे कसे ठरवायचे?

सुईपेक्षा हा प्रश्न कठीण आहे. मोतीचेच उदाहरण घेऊ. म्हाताऱ्या कुत्र्यांत मूत्रपिंड निकामी होणे नेहमीचे. मूत्रपिंडाची राखीव शक्ती एवढी मोठी असते की सुमारे तीन-चतुर्थांश गाळण्या बंद पडेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसत नाही. म्हणजे तपासणीत दोष सापडतो तेव्हा फार थोडे उरलेले असते. सलाइन आणि पथ्याने काही महिने चांगले जातात. मग मळमळ, तोंडात व्रण, अशक्तपणा. डॉक्टर आजाराचे नाव सांगू शकतात, पण आजचा दिवस मोतीला कसा गेला हे घरच्यांनाच ठाऊक.

ते मोजायचे कसे? अमेरिकेतील पशुवैद्यक ॲलिस व्हियालोबोस यांनी २००४ मध्ये एक सोपी मोजपट्टी सुचवली. सात गोष्टी पाहायच्या : वेदनेवर ताबा, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे उत्तम. एकूण ७० पैकी ३५ पेक्षा जास्त असतील तर शुश्रूषा चालू ठेवण्यास आधार आहे. मोतीला आपण गुण देऊ : वेदना ६, भूक २, पाणी ३, स्वच्छता ४, आनंद ३, हालचाल ४, चांगले दिवस २. बेरीज २४. हा आकडा निकाल देत नाही. पण आई म्हणते “आज शेपूट हलवली,” आणि वडील म्हणतात “तीन दिवस पोटात काही नाही,” तेव्हा दोघेही एकाच कागदावर येतात, हा त्याचा उपयोग. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री चांगल्या दिवसाला बरोबरची खूण आणि वाईट दिवसाला फुली मारणे हे काम तुम्हीही करू शकता. प्राणी वेदना लपवतात, विशेषतः मांजरे. अंग चाटणे सोडलेले, कोपऱ्यात पाठ वर करून बसलेले मांजर ओरडत नसले तरी बहुधा दुखण्यात असते.

येथे मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मानणारे पुष्कळ लोक आहेत. पांजरपोळांची आपली परंपरा त्याच श्रद्धेतून आली : जनावर लंगडे होवो, आंधळे होवो, शेवटपर्यंत सांभाळायचे. या दोन विचारांची टक्कर १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात झाली. एक वासरू जायबंदी होऊन पडले होते. होते नव्हते ते उपचार केले. ज्या वैद्यकाचा सल्ला घेतला त्याने आशा सोडली. वेदना इतकी की कूस बदलणेही अशक्य झाले. गांधीजींनी आश्रमातील लोकांशी चर्चा केली. विरोध करणारेही त्यांत होते. अखेर त्यांच्या समक्ष डॉक्टरांनी वासराला इंजेक्शन दिले आणि दोन मिनिटांच्या आत सारे संपले. गांधीजींनी हे लपवले नाही. ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’त स्वतः लिहिले आणि देशभरातून संतापाची पत्रे ओढवून घेतली. त्यांचे म्हणणे असे की, शल्यवैद्य सुरी चालवतो ती हिंसा नव्हे, तसेच येथे. मात्र हेतूत स्वार्थाचा लेश नसावा, आणि दुसरा उपाय खरोखरच उरलेला नसावा.

या दोन अटी आजही दवाखान्यात रोज तपासल्या जातात. घर बदलले, कुत्रा नको झाला, म्हणून “इंजेक्शन देऊन टाका,” असे सांगणारे येतात. डॉक्टर नकार देऊ शकतात, आणि देतात. उलट, उपचाराचा खर्च झेपत नाही म्हणून मान खाली घालून बसलेला माणूसही येतो. त्याला स्वार्थी म्हणणे मला जमत नाही. अशा वेळी वेदनाशामक औषधे, स्वस्त पर्याय, धर्मादाय रुग्णालय यांची चौकशी आधी होते. मुंबईत परळला प्राण्यांचे असे मोठे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे.

नंतरची कामे

पुरताना खड्डा खोल हवा. प्राण्याच्या देहात उरलेले बार्बिट्युरेट सहजासहजी नष्ट होत नाही. देह उकरून खाणारे कुत्रे, कोल्हे किंवा गिधाडे त्याने मरू शकतात. म्हणून उघड्यावर टाकणे तर नाहीच, आणि शक्य असेल तेथे दहन अधिक चांगले. हे परिचर घरच्यांना सांगतो, देह गोधडीत नीट गुंडाळून देतो, नळी काढून पाय पुसून ठेवतो. कोणाला हवे असतील तर थोडे केस कापून कागदाच्या पुडीत देतो.

औषधाची बाटली कुलपात जाते. किती वापरले, कोणासाठी, किती उरले, हे डॉक्टर लगेच लिहून सही करतात. ही औषधे कायद्याने नियंत्रित आहेत आणि हिशेबात फरक चालत नाही. मग थोडा वेळ कोणी बोलत नाही. ज्या दवाखान्यांत माणसे शहाणी आहेत, तेथे एकाच परिचराला एका दिवसात लागोपाठ अशी कामे देत नाहीत, आणि ज्या कुत्र्याला त्याने महिनाभर सलाइन लावले त्याच्या वेळी त्याला हवे तर बाहेर राहू देतात. तो पट्टा धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून तुमच्या वडिलांच्या हाती देतो. तुमच्या घरी आला तो हाच पट्टा.